चाकाचं वजन गाडीला नेमकं कुठे नडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १४ इंची लोखंडी डिस्क (साधा रिम), त्यावर १६५/८० चे टायर (१६५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के). साताऱ्याहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला नेहमीचं जाणं-येणं. आता १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टायर टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, काही फरक पडत नाही. मित्र म्हणतो, चाकाचं एक किलो म्हणजे बॉडीचे दहा किलो, गाडी उचलणारच नाही. यातलं खरं काय, आणि सस्पेन्शनचं वजन कमी करून काही साधतं का?

माझी बरीच वर्षं सस्पेन्शनच्या कामात गेली आहेत आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. पिकअपच्या, म्हणजे गाडीने वेग घेण्याच्या, बाबतीत तुमच्या मित्राचा आकडा फार फुगलेला आहे. दुकानदाराचं म्हणणं मात्र त्याहून जास्त चुकीचं आहे, कारण जड चाकाचा खरा तोटा शून्य ते शंभरच्या सेकंदांत दिसतच नाही. तो दिसतो उखडलेल्या रस्त्यावर ब्रेक मारताना आणि घाटातल्या वळणावर. तुमचा रस्ता नेमका तोच आहे.

आधी पिकअपचा हिशोब करू, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात.

गाडी पुढे जाते तेव्हा चाकाला दोन कामं करावी लागतात. बाकी गाडीबरोबर पुढे सरकणं हे एक, आणि स्वतःभोवती फिरणं हे दुसरं. इंजिनाला या दोन्हींसाठी जोर लावावा लागतो, म्हणून चाकाचं वजन डिकीतल्या वजनापेक्षा महाग पडतं, एवढं अगदी बरोबर आहे. किती महाग, हे ते वजन आसापासून किती लांब आहे यावर ठरतं. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो आसाच्या मानाने गाडीच्याच वेगाने फिरतो. म्हणजे तिथल्या एक किलोला फिरवायला जास्तीत जास्त तेवढीच ऊर्जा लागते जेवढी त्याला पुढे न्यायला लागते. एक आणि एक मिळून दोन. याच्या वर आकडा जाऊच शकत नाही. दहा पट तर नाहीच, काही लोक चार पट सांगतात तेही नाही. ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातलं, वजन दुपटीच्या जवळ जातं, अख्खा टायर धरला तर साधारण १.८ पट पडतो, रिम १.२ ते १.३ पट, आणि ब्रेकची डिस्क आसाजवळ असल्यामुळे फार तर १.१ पट.

यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुकानात ती कुणी बोलत नाही: रिममध्ये वाचवलेल्या किलोपेक्षा टायरमध्ये वाचवलेला किलो जास्त मोलाचा आहे. लोक अलॉयचं वजन विचारतात, टायरचं विचारत नाहीत. त्याच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांत किलोभराचा फरक सहज सापडतो.

आता तुमची गाडी घेऊ. १४ इंची लोखंडी डिस्क साधारण ७ किलोची, तिच्यावरचा टायरही ७ च्या आसपास. बाजारात परवडणाऱ्या किमतीला मिळणारा १७ इंची ओतीव अलॉय १० किलोच्या घरात जातो आणि २०५/४५ टायर साडेनऊच्या. म्हणजे दर चाकामागे साडेपाच किलो वाढले. शिवाय रिमचा काठ आसापासून लांब गेला आणि टायरचं वजन आणखी बाहेर सरकलं, म्हणून फिरवण्याच्या कामात अजून पावणेचार किलोची भर. चारही चाकं मिळून पिकअपच्या दृष्टीने ३७ किलो वाढले असं समजा. मागच्या सीटवर दहा-बारा वर्षांचं मूल बसवलं तर गाडीला जेवढं जाणवेल तेवढं. ड्रायव्हर धरून हजार किलोच्या आत-बाहेर असलेल्या गाडीत हे पावणेचार टक्के होतात. शंभरचा वेग गाठायला बारा सेकंद लागत असतील तर फरक चार दशांश सेकंदाच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये तर तो टक्केवारीने आणखी कमी भरतो, कारण तिथे इंजिन आणि फ्लायव्हील यांचं फिरणंच मोठा वाटा खात असतं.

मग अपसाइझ केल्यावर, म्हणजे मोठी चाकं घातल्यावर, गाडी मेल्यासारखी वाटते, अशी तक्रार घेऊन लोक का येतात? बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतो, व्यासाचा असतो. तुमचा मूळ टायर ६२० मिमी व्यासाचा आहे. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ मिमी भरतो, म्हणजे तो जवळपास बरोबर. पण ‘४५ खड्ड्यात टिकत नाही, ५० टाका’ असं म्हणून २०५/५० आर १७ गळ्यात मारला की व्यास ६३७ मिमी होतो. पावणेतीन टक्के लांब गिअरिंग झालं. प्रत्येक गिअरमध्ये ओढ तेवढी कमी, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवणार, त्यात वजनाचे पावणेचार टक्के. दोन्ही मिळून चढावर तिसऱ्याऐवजी दुसरा टाकायची वेळ येते. शिवाय रुंद टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना होणारा विरोध) वेगळा असतो. हे सगळं लोक एका खात्यात, वजनाच्या खात्यात जमा करतात.

ॲव्हरेजचंही तसंच. फिरत्या चाकात साठलेली ऊर्जा तुम्ही ब्रेक मारता तेव्हाच वाया जाते. एका वेगाने चालणाऱ्या महामार्गावर चाकाच्या जडत्वाने पेट्रोल वाढत नाही, शहरातल्या सिग्नल ते सिग्नलमध्ये थोडं वाढतं. टायरची जात आणि हवा यांचा परिणाम त्याहून मोठा आहे.

इथपर्यंत दुकानदार जिंकतोय असं वाटेल. आता खरा मुद्दा.

गाडीचं वजन दोन भागांत वाटलेलं असतं. स्प्रिंगच्या वरचं, म्हणजे बॉडी, इंजिन, माणसं, सामान. आणि स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे चाक, टायर, ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर, हब, नकल (हब धरणारा भाग), बेअरिंग, यांचं पूर्ण वजन, आणि लोअर आर्म, स्प्रिंग, ड्राइव्ह शाफ्ट यांचं अंदाजे निम्मं. याला अनस्प्रंग वजन म्हणतात. स्विफ्टसारख्या गाडीत पुढच्या एका कोपऱ्याला ते साधारण ३२ किलो धरा, मागे ३०. पुढे स्प्रिंगच्या वर प्रत्येक बाजूला अडीचशेपेक्षा थोडं जास्त, मागे एकटा ड्रायव्हर असताना दीडशेच्या आसपास.

तुमच्या मित्राला दहा पट वाटतं, त्याचं मूळ इथे आहे. साडेपाच किलो बॉडीत वाढले तर त्या कोपऱ्याच्या वजनात दोन टक्के वाढ झाली, कुणाला कळणारही नाही. तेच साडेपाच किलो ३२ किलोच्या चाकात वाढले तर ती १७ टक्के वाढ झाली. हाताला, पाठीला, स्टिअरिंगला जो बदल जाणवतो तो खराच असतो. फक्त तो पिकअपचा नसतो.

चाकाला रस्त्याची प्रत्येक उंची-खोली धरून वर-खाली व्हावं लागतं. उंचवटा आला की रस्ताच चाकाला वर ढकलतो, त्यात काही अडचण नसते, जेवढा धक्का लागेल तेवढा रस्ता देतो आणि उरलेला तुमच्या पाठीला मिळतो. अडचण उंचवट्याच्या माथ्यावरून उतरताना आहे. तिथे चाकाला खाली ढकलणारं कोण? फक्त स्प्रिंगचा दाब आणि चाकाचं स्वतःचं वजन. स्प्रिंगचा दाब ठरलेला आहे, बॉडीच्या त्या कोपऱ्याच्या वजनाएवढा. म्हणजे चाक जास्तीत जास्त किती झपाट्याने खाली येऊ शकेल याला एक मर्यादा आहे, आणि ती काढायला कोपऱ्याचं एकूण वजन भागिले चाकाकडचं वजन एवढंच करावं लागतं.

तुमच्या गाडीचे आकडे घालू. एकटा ड्रायव्हर, पुढच्या एका चाकावर एकूण २९१ किलो, त्यातले ३२ अनस्प्रंग. भागाकार ९.१. म्हणजे ते चाक गुरुत्वाच्या ९.१ पट त्वरणाने खाली येऊ शकतं. १७ इंची बसवल्यावर २९६.५ भागिले ३७.५, म्हणजे ७.९. मागच्या चाकावर एकूण १७९ किलो, अनस्प्रंग ३०, भागाकार जवळपास ६. नवीन चाकाने १८४.५ भागिले ३५.५, म्हणजे ५.२.

हे आकडे रस्त्यावर उतरवून पाहू. घाटात वळणाच्या आधी, जिथे ट्रक रोज ब्रेक मारतात, तिथलं डांबर पुढे ढकललं जाऊन त्याला आडव्या लाटा पडतात. कुंभार्लीला तुम्ही त्या पाहिल्या असतील, नसतील तर पायाखाली नक्की जाणवल्या असतील. समजा दर ९० सेंटिमीटरला एक लाट आहे, तळापासून माथ्यापर्यंत १८ मिमी उंच, अंगठ्याच्या रुंदीपेक्षाही कमी. ताशी ४० ने त्यावरून गेलात तर माथ्यावर चाकाला रस्त्याबरोबर राहण्यासाठी गुरुत्वाच्या साडेपाच पट त्वरणाने खाली यावं लागतं. जुनं मागचं चाक सहा पटीपर्यंत येऊ शकतं, म्हणजे ते टेकलेलं राहतं. नवीन जड चाक ५.२ च्या पुढे येऊ शकत नाही. दर लाटेच्या माथ्यावर ते क्षणभर हवेत राहणार. आणि हे सगळं वळणाच्या तोंडावर, ब्रेकवर पाय असताना, जेव्हा पुढचा भाग दबलेला आणि मागचा आधीच हलका झालेला असतो.

हा हिशोब मी सोपा करून मांडला आहे. टायर दबत नाही असं धरलं आहे, शॉकअप बाजूला ठेवला आहे. प्रत्यक्षात दोन्ही आहेत, आणि त्यांनी परिस्थिती सुधारते असं गृहीत धरू नका. चाक हे टायरच्या हवेच्या स्प्रिंगवर उभं असलेलं वजन आहे आणि त्याला उड्या मारण्याची स्वतःची एक लय आहे. तुमच्या गाडीत ती सेकंदाला साडेबारा वेळांच्या आसपास येते, बॉडीची लय मात्र सेकंदाला सव्वा ते दीड. ताशी ४० ला ९० सेंटिमीटरच्या लाटा म्हणजे सेकंदाला बारा-साडेबारा धक्के. चाकाच्या लयीवर रस्त्याने बरोबर टाळी दिली की उडी प्रत्येक लाटेगणिक वाढत जाते आणि तिला आवरणारा एकटा शॉकअप उरतो. चाक जड झालं की ही लय मंदावते, साडेअकराच्या आसपास येते. वजन जास्त, लय कमी, म्हणजे उडीत साठलेली ऊर्जा जास्त आणि ती जिरवायचं शॉकअपचं काम अवघड. माणसाच्या शरीराला उभे धक्के सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात सर्वांत जास्त त्रास देतात. जड चाकाची लय त्या पट्ट्याच्या दिशेने सरकते हेही तिच्या विरोधात जातं.

टायर हवेत असतो तेव्हा ना ब्रेक चालतो ना स्टिअरिंग. पूर्ण हवेत जायचीही गरज नाही. टायरवरचा दाब सतत कमी-जास्त होत राहिला तरी सरासरी पकड घसरते, कारण दाब दुप्पट झाला म्हणून टायर दुप्पट पकड देत नाही; दाब वाढल्यावर जेवढी पकड मिळते, तेवढाच दाब घटल्यावर त्याहून जास्त पकड जाते. एबीएसलाही (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) हे कळतं. हलकं झालेलं चाक ब्रेकखाली लगेच अडकायला बघतं, एबीएस दाब सोडतो, चाक परत रस्त्यावर आदळतं, एबीएस परत दाब देतो. चालकाला पायाखाली फक्त खडखड जाणवते आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. सपाट, नव्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक मारून पाहिलात तर दोन्ही चाकांत फरक सापडणार नाही, कदाचित रुंद टायरने गाडी लवकरच थांबेल. म्हणून दुकानाबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या चक्करवर जाऊ नका.

आता शॉकअप. लोक बॉनेट दाबून सोडतात आणि गाडी एकदाच वर येऊन थांबली की शॉकअप चांगले म्हणतात. ती चाचणी बॉडीच्या संथ हालचालीची आहे. चाकाच्या उडीत शॉकअपच्या दांड्याचा वेग तिप्पट-चौपट असतो आणि त्या वेगाला शॉकअप काम करतो की नाही हे बॉनेट दाबून कळत नाही. त्यापेक्षा टायरवरून हात फिरवा. गाडी थंड असताना, तळहात सपाट ठेवून, ट्रेडवरून पूर्ण फेरी घ्या, एकदा पुढून मागे आणि एकदा उलट दिशेने. हाताला दर वीतभर अंतराने खोलगट चट्टे लागले, तर ते चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं आहे. बॅलन्सिंग बिघडलं असेल तरीही असे चट्टे पडतात, म्हणून आधी बॅलन्सिंग तपासा. ते ठीक असेल तर बहुधा शॉकअप गेला. २०१९ ची गाडी आणि घाटाचा रस्ता, तेव्हा ही तपासणी अलॉयच्या आधी करा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. थकलेला शॉकअप आणि जड चाक ही जोडी मला सर्वांत धोकादायक वाटते, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत जास्त दिसते, कारण चाकं बदलताना शॉकअपकडे कुणी बघत नाही.

सस्पेन्शनच्या वजनाबद्दल विचारलंत. अनस्प्रंग वजन कमी करण्यासाठी गाड्या बनवणाऱ्यांनी काय काय केलं आहे ते पाहिलं तर या गोष्टीचं महत्त्व कळतं. १९५५ ची सिट्रोएन डीएस आणि १९६१ ची जॅग्वार ई-टाइप. एकीने पुढचे, दुसरीने मागचे डिस्क ब्रेक चाकातून काढून आत, बॉडीकडे नेले, म्हणजे त्यांचं वजन स्प्रिंगच्या वर गेलं. अशा ब्रेकपर्यंत हात पोचवणं मेकॅनिकला किती जड जातं याची कल्पना असूनही त्यांनी ते केलं. सिट्रोएननेच २सीव्ही मध्ये उलटी युक्ती वापरली, ती मला फार आवडते: चाकाजवळ एका डब्यात स्प्रिंगवर टांगलेलं वजन बसवलं. चाक उडी मारायला लागलं की ते वजन विरुद्ध लयीत हलून उडी मोडायचं. म्हणजे चाकाचं वजन वाढवूनही चाक रस्त्यावर ठेवता येतं, पण त्यासाठी ते वजन मोजून, लय जुळवून बसवावं लागतं. रिममध्ये वाढलेल्या किलोंना तो न्याय लावता येत नाही. दुसरीकडे फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये १३ इंची चाकं सोडून १८ इंची घेतली आणि ती जास्त जड आहेत. तिथल्या ट्रॅकचं डांबर आणि आपला घाट यांची तुलना होत नाही, आणि तिथे त्या चाकासाठी अख्खं सस्पेन्शन नव्याने आखलं गेलं. तुम्ही फक्त चाक बदलणार आहात.

आपल्याकडचं उदाहरण बोलेरोचं. मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर अख्खा ॲक्सल, डिफरन्शियलसकट. तो सगळा अनस्प्रंग. रिकामी गाडी खडीच्या रस्त्यावर मागून थयथयाट करते आणि सहा-सात माणसं बसली की शहाण्यासारखी चालते, हे ज्यांनी चालवली आहे त्यांना माहीत आहे. कारण वर काढलेला भागाकारच. खालचं वजन तेच, वरचं वाढलं, गुणोत्तर सुधारलं. त्याच न्यायाने स्कॉर्पिओसारख्या जड गाडीला १८ इंची चाक पेलतं. ते बघून पावणेनऊशे किलोच्या स्विफ्टला मोठी चाकं घालणं म्हणजे भागाकारातला खालचा आकडा वाढवून वरचा जवळपास तेवढाच ठेवणं.

तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनमधून वजन काढण्याला मात्र वाव नाही, आणि काढूही नये. पुढचा लोअर आर्म पत्र्याचा आहे, त्यात भोकं पाडून वजन कमी करायचे प्रकार मी पाहिले आहेत. ते करू नका, तो भाग ब्रेकचा मोठा ताण पेलतो. ॲल्युमिनियमचे आर्म बाहेर मिळतात, पण त्यातल्या वाचलेल्या किलोतला निम्माच अनस्प्रंग असतो. त्यापेक्षा लोअर आर्मचे बुश (रबरी जोड) आणि बॉल जॉइंट तपासून घ्या. ढिल्या बुशवर आर्म इकडे-तिकडे करत राहतो आणि चाक ब्रेकखाली आपली जागा धरत नाही. आणि चाक बाहेर काढायला स्पेसर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. वजन वाढतं, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग ओढायला लागतं.

मग चाकं बदलायचीच नाहीत का? हौस आहे, आणि हौसेला मी नाही म्हणणार नाही. १५ इंची घ्या. तुमच्याच गाडीच्या झेडएक्सआयला कंपनी १८५/६५ आर १५ देते, म्हणजे त्या मापावर सस्पेन्शन, एबीएस, स्पीडोमीटर सगळं कंपनीनेच तपासलेलं आहे. टायरची भिंत १२० मिमीची राहते. तुमच्या मूळ टायरची १३२ आहे आणि १७ इंचीत ती ९२ वर येते. चार सेंटिमीटर गेले. खड्ड्याची धार आधी टायरची ती भिंत झेलते, ती नसेल तर रिम झेलते. लोखंडी डिस्क वाकते आणि टायरवाला हातोडीने सरळ करतो. ओतीव अलॉयला चीर जाते, आणि ती आतल्या बाजूला असली तर चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही.

दुकानात गेल्यावर रिम हातात मागा आणि काट्यावर ठेवा. काटा नसेल तर घरचा न्या, बाथरूमबाहेर ठेवतो तो चालेल. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग रिम घेऊन उभे राहा. १५ इंचीत सात किलोच्या आतला रिम मिळाला तर चांगला. अलॉय म्हणजे हलका असं समीकरण डोक्यातून काढा; स्वस्त ओतीव अलॉयला मजबुती मिळवायला धातू जाड ठेवावा लागतो आणि असे कित्येक रिम कंपनीच्या लोखंडी डिस्कपेक्षा जड भरतात. फ्लो फॉर्म्ड प्रकारात ओतलेल्या रिमचा काठ गरम असताना रोलरने दाबून ताणतात, त्यामुळे तो पातळ असूनही दणकट होतो आणि वजन वाचतं तेही काठावरचं, जिथलं सर्वांत महाग. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) त्याहून चांगले, पण त्या किमतीत तुमचे चारही शॉकअप आणि टायर येतील, आणि या गाडीला त्यांचाच उपयोग जास्त होईल. रिमवर आयएसआय किंवा जपानी जेडब्ल्यूएल हे चिन्ह आणि पेलण्याच्या वजनाचा आकडा ओतलेला असला पाहिजे. काहीच लिहिलेलं नसेल तर तो रिम कितीही सुंदर असो, परत ठेवा.

बोल्टचं माप ४ बाय १०० (१०० मिमीच्या वर्तुळावर चार बोल्ट), मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या रिमचं भोक बहुतेक वेळा मोठं असतं, तेव्हा मध्ये हब रिंग मागून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याकडे खेटे घालत बसाल. टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरच्या खाली जाऊ देऊ नका. त्यावरचा ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. हवा दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर दिली आहे तेवढी, १८५/६५ साठी दिलेली वेगळी असेल तर ती. बसवल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा पान्याने तपासून घ्या.

स्टेपनीला जुनी १४ इंची ठेवा, बदलायची गरज नाही. तिचा व्यास ६२० मिमी आणि १८५/६५ आर १५ चा ६२१.५, गिअरबॉक्सला आणि एबीएसला हा फरक जाणवत नाही. फक्त जुने चार नट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा. नव्या अलॉयसोबत आलेले नट वेगळ्या बैठकीचे असले तर ते लोखंडी डिस्कला घट्ट बसत नाहीत, आणि पंक्चर झालं की ते शोधायची वेळ घाटात येते.